मुलींची संध्याकाळ कुणी काढून घेतली?

मुलगी सातवी-आठवीत गेली की तिचं शहर लहान होतं. पाचवीपर्यंत ती भावाबरोबर खाली खेळायला जाते, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध-पाव आणते, शेजारच्या इमारतीत मैत्रिणीकडे जाऊन दोन-दोन तास बसते. मग पाळी सुरू होते आणि तिला समोर बसवून काही न सांगता एकेक गोष्ट बंद होत जाते. आधी खेळ, मग मैत्रिणीकडे जाणं, मग गॅलरीत उभं राहणं. दहावीपर्यंत तिच्या वाट्याला शाळा, क्लास आणि घर एवढंच उरतं, आणि या तिघांमधल्या रस्त्यावरही तिनं रेंगाळायचं नसतं.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या किशोरवयीन मुलींमध्ये आज जी उदासी दिसते, तिचं सर्वात मोठं सामाजिक कारण हे आकसलेलं आयुष्य आहे, असं माझं ठाम मत आहे. मोबाईल, मार्क, स्पर्धा ही कारणं खोटी नाहीत. पण ती याच आकसण्याच्या पोटात वाढतात. आपण मात्र मुलगी गप्प झाली की पहिल्यांदा तिचा मोबाईल काढून घेतो. म्हणजे सगळी दारं बंद झाल्यावर उरलेली एक खिडकीही लावून घेतो आणि वर विचारतो, तुला काय कमी आहे?

मी ठाण्यात अकरावी-बारावीला शिकवते. माझ्या वर्गात दिव्याहून, कळव्याहून मुली येतात, ट्रान्स हार्बरनं घणसोली-कोपरखैरण्याहून येतात, घोडबंदरच्या टॉवरांमधूनही येतात. गेल्या वर्षी अकरावीत एक मुलगी होती. जूनमध्ये दोन घट्ट वेण्या, वहीला कव्हर, उत्तर आलं की हात वर. दिवाळीनंतर ती केस नुसते रबरात गुंडाळून येऊ लागली. तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकायची. काही विचारलं की फटकन बोलायची. स्टाफरूममध्ये तिच्याबद्दलचं मत ठरून गेलं होतं: हल्ली फार शेफारली आहे. घरच्यांचं म्हणणं, वयच तसलं आहे, डोक्यात काहीतरी वारं शिरलंय. तिला मात्र पहाटे चारला जाग येत होती आणि परत झोप लागत नव्हती. जेवण नकोसं झालं होतं. आवडतं गाणं लावलं तरी काही वाटत नाही, असं तिनं मला सांगितलं, तेही स्टेशनपर्यंत बरोबर चालत गेलो तेव्हा. आपल्याला आजार झालाय, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आपण वाईट मुलगी आहोत, एवढंच तिला पटलेलं होतं.

नैराश्य म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोपऱ्यात बसून रडणारं माणूस येतं. या वयात ते तसं दिसेलच असं नाही. किशोरवयात नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं. चिडचिड किंवा उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ, बहुतेक दिवस, दिवसातला बराच वेळ टिकली, झोप-भूक बिघडली, आवडत्या गोष्टींतलं मन उडालं, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. हे नखरे नाहीत आणि लक्ष वेधून घेण्याची थेरंही नाहीत. आणि समजा, एखादी मुलगी लक्ष वेधण्यासाठीच करत असेल, तर तिला लक्षाची गरज आहे. मग ते द्यावं, त्यात एवढं बिघडतं काय?

वयात येण्याआधी मुलगे आणि मुली यांच्यात नैराश्याचं प्रमाण साधारण सारखं असतं. वयात आल्यावर मुलींमध्ये ते मुलग्यांच्या जवळपास दुप्पट होतं. जगभरच्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. संप्रेरकांचा त्यात वाटा आहे, आनुवंशिकतेचाही आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या वर्षी शरीर बदलतं त्याच वर्षी घर, गल्ली, शाळा आणि नातेवाईक या सगळ्यांची वागणूकही बदलते. त्याच वर्षी तिच्याकडे मुलगी म्हणून पाहणं थांबतं आणि जोखीम म्हणून पाहणं सुरू होतं. संप्रेरकांवर सगळं ढकललं की हा अर्धा भाग सोयीस्करपणे नजरेआड होतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2021 च्या अहवालात अठरा वर्षांखालच्या 10,732 मुलामुलींच्या आत्महत्यांची नोंद आहे. देशातल्या एकूण आत्महत्यांमध्ये पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा खूप जास्त असते. अठरा वर्षांखाली चित्र उलटं आहे, तिथे मुली मुलग्यांपेक्षा जास्त आहेत. आणि कारणं? दहावी-बारावीचा निकाल लागला की आपण परीक्षेच्या ताणावर बोलतो, पण या नोंदीत परीक्षेतलं अपयश हे कारण 864 मृत्यूंपुढे आहे. सर्वाधिक मृत्यूंपुढे लिहिलेलं कारण आहे कौटुंबिक समस्या. पोलिसांनी लिहिलेलं एका ओळीचं कारण अपुरं असतं हे मान्य, एवढ्या कोवळ्या जिवाचं दुःख एका रकान्यात मावत नाही. तरीही बोट घराकडे दाखवलं जातंय. आपण सगळे त्या बोटापासून तोंड फिरवून मोबाईलकडे पाहतो आहोत.

मग घरात काय होतं? कोपरखैरणे-घणसोली पट्ट्यात माथाडी कामगारांची हजारो घरं आहेत, सातारा-सांगलीकडून आलेली. वडील बाजार समितीत, अनेकदा रात्रपाळीला. आई चार घरची कामं करते किंवा डबे देते. एका खोलीत पाच माणसं. या घरातली सोळा वर्षांची मुलगी पहाटे पाण्याच्या वेळेला उठते, भांडी भरते, पोळ्या लाटते, धाकट्याला शाळेला तयार करते आणि मग कॉलेजला येते. संध्याकाळी क्लासहून आली की पुन्हा ओटा. तिच्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ त्याच खोलीत साडेआठपर्यंत झोपलेला असतो, कारण त्याला अभ्यासाचं टेन्शन आहे. टेन्शन तिलाही आहे. पण तिच्या टेन्शनसाठी कुणी भांडी घासत नाही.

2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं, असं आढळलं. या तफावतीचा पाया कोवळ्या वयातच घातला जातो. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. पाच-साडेपाच तास झोपून वर्षानुवर्षं काढणाऱ्या मुलीचं मन सुस्थितीत राहील, ही अपेक्षाच कुठून येते?

त्यात अंगात रक्त नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. थकवा, धाप, लक्ष न लागणं, चिडचिड ही रक्तक्षयाचीही लक्षणं आहेत. माझ्या त्या विद्यार्थिनीचं हिमोग्लोबिन तपासलं तेव्हा ते आठच्या खाली निघालं. नैराश्य तिला होतंच, पण त्यावर हे ओझंही होतं. आळशी आहेस म्हणून वर्षभर बोलणी खाणाऱ्या मुलीची साधी रक्ततपासणी करावी असं कुणालाच सुचलं नाही.

या सगळ्याचा दोष आयांच्या पदरात टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. पहाटे साडेचारला उठून, दिव्याच्या फलाटावर जीव मुठीत धरून लोकल पकडून, रात्री आठला परतणाऱ्या बाईकडे मुलीशी निवांत बोलायला कोणती शक्ती उरणार? तिलाही तिच्या पंधराव्या वर्षी हेच मिळालं होतं. तिचं स्वतःचं नैराश्य कुणी कधी मोजलं नाही. मुलगी रडली की ती म्हणते, आम्ही नाही का सोसलं? त्या वाक्यात निष्ठुरपणा कमी आहे, थकवा जास्त आहे.

घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये पाण्याच्या वेळा नाहीत आणि मुलीला स्वतःची खोली आहे. तिथल्या मुली सुखात असतील असं वाटतं. नाहीत. तिथे आकसणं वेगळ्या तऱ्हेनं होतं. दहावी झाली की मुलीला 'इंटिग्रेटेड'ला घालतात. कॉलेज नावापुरतं, हजेरी लागते, मुलगी दिवसाचे आठ-दहा तास क्लासच्या वातानुकूलित खोलीत. नीट नाहीतर जेईई. नाच बंद, बॅडमिंटन बंद, चित्रकला बंद, दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे. बॅचेस मार्कांनुसार दर काही आठवड्यांनी बदलतात, त्यामुळे शेजारी बसणारी मैत्रीणही टिकत नाही. मैत्रीच्या वयात मैत्रिणी काढून घेतल्यावर मुलगी एकटी पडते आणि रात्री एक वाजता दुसऱ्यांचे हसरे फोटो बघत बसते. ते फोटो तिला आणखी खाली ओढतात, हे खरं आहे. पण त्या रात्रीच्या एकटेपणाची सुरुवात फोनमधून झालेली नव्हती.

दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी. शरीरावर बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. लग्नकार्यात भेटलेली मावशी म्हणते, किती सुटलीस गं. काका म्हणतात, रंग आईवर गेला असता तर बरं झालं असतं. मुरमं, केस, छाती, दात, चालणं. तेरा ते सतरा या वर्षांत मुलीच्या अंगाची जितकी उघड चर्चा होते तितकी आयुष्यात पुन्हा होत नाही, आणि तिनं ती हसून ऐकायची असते. उलट बोलली तर संस्कार काढले जातात.

आणि दोन्हीकडे एकच धाक. मुलाच्या फोनमध्ये एखाद्या मुलीचा मेसेज सापडला तर घरात दोन दिवस चेष्टा होते. मुलीच्या फोनमध्ये मुलाचा सापडला तर फोन फुटतो, कॉलेज बंद होतं, गावाला आत्याकडे पाठवतात, स्थळं पाहणं सुरू होतं. एका चुकीत सगळं जाणार हे माहीत असल्यामुळे मुलगी कशाचाच उच्चार करत नाही. कुणी फोटोवरून धमकावतोय, क्लासला जाताना कुणी रोज मागे येतोय, नात्यातल्याच कुणी हात लावलाय, हे ती घरी सांगत नाही. सांगितलं तर गुन्हेगाराला काय व्हायचं ते होवो, आपलं बाहेर जाणं मात्र नक्की बंद होईल, हा हिशेब तिला पक्का ठाऊक असतो. नैराश्याच्या मुळाशी कित्येकदा असा एक न सांगता आलेला प्रसंग असतो. मुलगी आमच्याशी बोलत नाही अशी तक्रार घेऊन पालक येतात तेव्हा मी विचारते, याआधी ती शेवटचं खरं बोलली होती तेव्हा काय झालं होतं?

काळजीपोटीच तर सांगतो, दिवस किती वाईट आहेत, असं पालक म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. गर्दीच्या गाडीत, सुनसान स्कायवॉकवर, रिक्षाच्या रांगेत काय होतं हे मीही बाई म्हणून जाणते. पण नवरात्र आठवून पाहा. टेंभी नाक्याच्या देवीला रात्री अकराला जांभळी नाक्यापासून मुलींचे घोळके चालत असतात. वाशी-नेरूळला गरब्याहून मुली उशिरा परततात. तेच रस्ते, त्याच मुली, तेच आईबाप. त्या नऊ रात्री भीती कुठे जाते? दिवे असतात, पोलीस उभे असतात, दुकानं उघडी असतात आणि मुख्य म्हणजे रस्त्यावर शेकडो बाया असतात. सुरक्षितता अशी व्यवस्थेनं तयार होते, आणि जी नऊ रात्री तयार करता येते ती वर्षभर का करता येऊ नये? उरलेल्या वर्षात आपण मुलींना घरात घेतो, त्यामुळे रस्ते आणखी पुरुषांचे होतात, म्हणून आणखी घरात घेतो.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना 1970 ची. आखून बसवलेलं शहर म्हणून नवी मुंबईचं नाव होतं, नोडानोडात, म्हणजे तिथल्या प्रत्येक वसाहतीत, मैदानं आणि उद्यानं राखून ठेवली गेली. एखाद्या संध्याकाळी साडेसहाला त्यातल्या कुठल्याही मैदानावर जाऊन उभं राहा. मधोमध क्रिकेटचे तीन-चार डाव, एकमेकांत मिसळलेले. कडेला कट्ट्यावर मुलगेच. मुली कुठे आहेत? त्या कडेच्या पायवाटेवर आईबरोबर फेऱ्या मारताहेत, ओढणी नीट करत, नजर खाली ठेवून. मैदान सार्वजनिक आहे, पैसे सगळ्यांच्या कराचे आहेत, पण मधल्या जागेवर पाय ठेवायची मुलींची शामत नाही. ठाण्यातही तेच. शारीरिक हालचालीनं मनाला उभारी मिळते, सौम्य नैराश्यात व्यायाम हा उपचाराचाच भाग असतो, हे डॉक्टर सांगतात. मुलीनं तो करायचा कुठे, तर गच्चीवर, आणि गच्चीला सोसायटीनं कुलूप लावलेलं.

म्हणून दोन्ही महापालिकांकडे माझी पहिली मागणी दवाखान्याची नाही. मैदानांवर आठवड्यातल्या काही संध्याकाळी फक्त मुलींसाठी राखून ठेवा, तिथे पगारी महिला प्रशिक्षक नेमा, स्वच्छ आणि उघडं स्वच्छतागृह द्या, परतीच्या रस्त्यावर दिवे लावा. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, काहीही चालेल. नुसतं बसून गप्पा मारल्या तरी चालेल. मुलींना कारण न देता बाहेर बसता आलं पाहिजे.

दवाखाना लागतोच, आणि तिथे वेगळी कोंडी आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 चं. त्याच्यामुळे 'याला ठाण्याला पाठवा' हा टोमणा महाराष्ट्रभर चालतो, आणि त्या टोमण्यानं आमच्या गावातल्या कित्येकांना उपचारांपासून लांब ठेवलंय. याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये मानसिक आरोग्यासाठी संस्था सुरू केली, मनाच्या आजारावर मराठीतून, चारचौघांत बोलायला शिकवलं. मदत मिळण्याच्या दृष्टीनं हे शहर राज्यातल्या बहुतेक गावांपेक्षा नशीबवान आहे. तरी मुली पोचत नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या उपचारांना पालकांची संमती लागते आणि पालक संमती देत नाहीत. का देत नाहीत, याचं उत्तर विचारल्यावर एका वडिलांनी दाराकडे बघत, आवाज खाली आणून दिलं: उद्या लग्नाच्या वेळी कळलं म्हणजे?

मुलगी सोळा वर्षांची, पहाटेपर्यंत जागी, जेवत नाही, आणि घराला चिंता पंचविसाव्या वर्षी येणाऱ्या स्थळाची. मुलाला गोळ्या सुरू करायच्या म्हटलं तर हा प्रश्न सहसा पहिला येत नाही. उपचार नाकारण्याचं हे खास मुलींच्या वाट्याचं कारण आहे आणि ते मला सगळ्यात जास्त संताप आणतं. अशा घरांना मी एवढंच सांगते, की उपचार घेतलेलं नैराश्य बरं होतं. उपचार न केलेलं अनेकदा पुन्हा पुन्हा उलटतं, बाळंतपणानंतर उलटण्याचा धोका तर अधिकच असतो. नैराश्यावरच्या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही. मात्र त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या आणि मनानं एकदम बंद करायच्या नाहीत. आणि प्रत्येकीला गोळ्या लागतातच असंही नाही, अनेक मुलींना बोलण्यावर आधारलेल्या उपचारांनी उतार पडतो.

शाळा-कॉलेजांबाबत जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा. निर्देश चांगला आहे. पण मला ठाऊक असलेल्या शाळांमध्ये समुपदेशक असतो तो असा: आठवड्यातून दोन दिवस येणारी एक ताई, तिलाच परीक्षेचं सुपरव्हिजन आणि स्नेहसंमेलनाची तयारी, आणि बसायला जागा मुख्याध्यापकांच्या केबिनसमोरचं टेबल. तिथे जाऊन बसलेली मुलगी अख्ख्या शाळेला दिसते. मधल्या सुट्टीत 'कौन्सिलिंगवाली' असं नाव पडतं. खोली बाजूला हवी, दार बंद होणारं हवं, तिथे सांगितलेलं घरी फोन करून जसंच्या तसं पोचवलं जाणार नाही याची लेखी हमी मुलींना हवी. जिवाला धोका असेल किंवा कुणी अत्याचार करत असेल तेव्हाच पुढे सांगावं लागेल, हेही तिला आधीच सांगितलेलं हवं.

माझी ती विद्यार्थिनी आता बरी आहे. पूर्णपणे नाही, पण झोपते, जेवते, बारावीला बसली आहे. तिला बरं करण्यात डॉक्टरांचा वाटा मोठा. पण डॉक्टरांनी तिच्या वडिलांना आणखी एक गोष्ट लिहून दिली होती, औषधाच्याच कागदावर: सकाळचं पाणी भाऊ भरेल, आणि संध्याकाळी एक तास मुलगी बाहेर जाईल. वडील रात्रपाळीहून आलेले, कागद दोनदा वाचला. घरी जाऊन त्यांनी मुलाला उठवलं. पहिले आठ दिवस भांडणं झाली, भावानं बादल्या आपटल्या, आजीनं तोंड सोडलं. नंतर तो भरू लागला.

डॉक्टरांच्या चिठ्ठीची वाट न बघता हे करता येतं. आणि मुलगी मरणाच्या गोष्टी करत असेल, नुसतं 'मी नसते तर बरं झालं असतं' एवढं म्हणाली असेल, तरी ते मनावर घ्या. तिला सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून ती बोलते. तिला एकटं ठेवू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं आणि 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. हे दोन्ही क्रमांक मुलीच्या फोनमध्ये तिच्याच हातानं सेव्ह करून द्या, आणि तिनं ते कधी लावले का, हे तपासायला तो फोन हातात घेऊ नका.